बेथेलच्या आज्याचा प्रश्न

जालन्याच्या बाजारात ‘तारण’ हा शब्द सोनेतारण कर्जाच्या पाटीवर दिसतो आणि रविवारच्या उपासनेत तोच शब्द प्रभूच्या नावाशेजारी येतो. पाटीवर वस्तू अडकते, उपासनेत माणूस सुटतो. ख्रिस्ती परिभाषेत तारण म्हणजे पापाच्या दंडातून देवाने आपल्या कृपेने केलेली सोडवणूक, आणि ती ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते, हे लहान पोरही पाठ म्हणून दाखवते. परंतु ज्याच्या कानावर ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही तो मेल्यावर कुठे गेला, या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती साहित्याने सरळ तोंड दिलेले नाही, आणि या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून पहिली तक्रार नोंदवायची ती हीच आहे.

या जिल्ह्याला तर तो प्रश्न टाळण्याची मुभाच नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ मध्ये समर्थ रामदास जन्मले, आणि त्यांच्या दासबोधाचे चौथे दशक सलोकता, समीपता, स्वरूपता व सायुज्यता या चार मुक्तींच्या विवेचनाने संपते; त्या परंपरेत नरक आहे, पण तो वाटेतला मुक्काम आहे, कायमचा पत्ता नव्हे. त्याच मुलखात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले देशस्थ ब्राह्मण, आणि बेथेलात आले ते प्रामुख्याने मातंग व महार समाजातले लोक. ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती त्यांना स्वतःचे गाव मिळाले, हे त्या काळातले मोठेच काम होते आणि त्याचे मोल कोणी कमी करू नये.

मात्र शेषाद्री ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे दीक्षित पाळक होते, त्या चर्चचा प्रत्येक पाळक वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारावर सही करून पद स्वीकारत असे. विश्वासांगीकार म्हणजे मंडळीने अधिकृत ठरवलेले श्रद्धेचे कलमवार निवेदन. १६४७ मध्ये स्कॉटलंडने स्वीकारलेल्या या निवेदनाचे दहावे प्रकरण सांगते की, जे ख्रिस्ती धर्म मानत नाहीत ते निसर्गदत्त विवेकानुसार कितीही काटेकोर वागले तरी तारले जाऊ शकत नाहीत, आणि ते तारले जातील असे म्हणणेही घातक आहे. त्या कलमाचा अर्थ बेथेलात असा होतो की, ज्या नातवाला पाळकाने जमीन, शाळा आणि माणूसपण मिळवून दिले, त्या नातवाच्या आज्याला त्याच पाळकाच्या सहीने कायमचे नरकात धाडले. त्या आज्याने सुवार्ता नाकारली नव्हती. ती त्याच्या वेशीपर्यंत आलीच नव्हती.

भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला या प्रश्नाचे टोक दिसते. एकाच आज्याची दोन नातवंडे भिंतीला भिंत लावून राहतात. एका घरातून खीर-पुरीचा घास पत्र्यावर ठेवला जातो आणि कावळ्याची वाट पाहिली जाते, दुसऱ्या घरात त्या दिवशी चूल रोजच्यासारखीच पेटते, आणि त्या घरातली म्हातारी आपल्या सासऱ्याचे नाव मनातल्या मनात घेते, कारण मृतांसाठी प्रार्थना करायची नाही असे तिला शिकवलेले आहे. तिच्या त्या मुकेपणाला आपल्या धर्मशास्त्राने आजवर एक वाक्य दिलेले नाही.

स्कॉटलंडला मात्र आपले कलम पुढे जड झाले. १८७९ मध्ये तिथल्या युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने जाहीर केले की, बालपणी मेलेले नष्ट होतात किंवा सुवार्तेच्या नेहमीच्या साधनांबाहेरच्या लोकांवर देव कृपा करूच शकत नाही, असे मानण्याची सक्ती नाही. आणि शेषाद्रींच्या फ्री चर्चने १८९२ मध्ये सांगितले की, माणसाच्या स्वतःच्या पापाचा विचार न करता देवाने त्याला मृत्यूसाठी आधीच नेमले, असे ही मंडळी शिकवत नाही. शेषाद्री १८९१ मध्ये वारले होते. ज्यांनी कलम स्वीकारले त्यांच्याच वारसांनी ते सैल केले, आणि तरीही मराठी मुलखात आजही नरकाची धमकी देत फिरणारे उपदेशक आहेत, ज्यांना हा इतिहास ठाऊक नसतो किंवा ठाऊक असून सोयीचा नसतो. भीती घालून भरवलेली मंडळी भीती ओसरली की पांगते.

दुसऱ्या टोकाला सगळे मार्ग एकच म्हणणारे सभ्य लोक आहेत. त्यांचे म्हणणे कानाला गोड लागते, पण सगळे एकच असेल तर बेथेलच्या माणसांनी सोसलेला बहिष्कार कशासाठी होता, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. विसाव्या शतकातले जर्मन कॅथलिक धर्मपंडित कार्ल रानर यांनी मधली वाट काढली: जो नकळत कृपेला प्रतिसाद देतो तो ‘अनामिक ख्रिस्ती’ होय. हेतू उदार आहे, परंतु वारकऱ्याला न विचारता ख्रिस्ती ठरवणे म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर परस्पर आपले नाव चढवणे होय, आणि फेरफाराची ही रीत मराठवाड्याला चांगली कळते.

या वादाकडे बाहेरून पाहून हसणाऱ्या सनातन्यांनीही १८४३ आठवावे. नारायण शेषाद्रींचा लहान भाऊ श्रीपत याला न्यायालयाने आईबापांच्या ताब्यात दिले, पण मिशनऱ्यांच्या घरी जेवला म्हणून त्या पोराला जातीत परत घेण्यास धर्ममार्तंड तयार नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू घेतली तेव्हा त्यांनाच रोष सोसावा लागला. दार बंद करण्याची कला एकट्या स्कॉटलंडची नव्हती.

मूळ ग्रंथाकडे वळले तर चित्र एकरंगी नाही. प्रेषितांच्या कृत्यांत तारणासाठी दुसरे नाव नाही असे म्हटले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात नियमशास्त्र नसलेल्यांच्या विवेकाची साक्ष मानली आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी प्रश्न विचारला जातो तो भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी दिले की नाही, हा. पेत्राचे पहिले पत्र तर मृतांनाही सुवार्ता सांगितल्याचे नोंदवते, आणि प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त अधोलोकात उतरल्याचे वाक्य आहे. अधोलोक म्हणजे मृतांचे वसतिस्थान. ख्रिस्त तिथे उतरला असेल, तर बेथेलचा आजाही तिथेच होता. हे वाक्य मराठी मंडळी शतकभराहून अधिक काळ म्हणत आली आणि त्याचा अर्थ कोणी उलगडला नाही, याला आळस म्हणावे की धास्ती, ते श्रोत्यांनी ठरवावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांचा अभिमान मिरवणाऱ्यांनी एकदा स्पष्ट बोलावे: पूल ओलांडणारा तारला आणि पूल बांधणारा जळतो आहे काय? होय म्हणायचे असेल तर टिळकांचे नाव घेणे सोडावे. ख्रिस्ताशिवाय तारण नाही हे मान्य करूनही ख्रिस्ताची कृपा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपुरतीच आहे असे म्हणता येत नाही, हीच या व्यासपीठाची ठाम भूमिका आहे. नोंदवही मंडळीची आहे, न्याय तिचा नाही.

सुवार्ता न ऐकलेल्याला नरक कसा, हा आक्षेप पहिल्यांदा धारदारपणे मांडणाऱ्यांत एक मराठी माणूसच होता. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी बाप्तिस्म्यापूर्वी, १८४४-४५ च्या सुमारास, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताची झडती घेतली, आणि १८४८ मध्ये तेच गोऱ्हे ख्रिस्ती झाले. मराठी ख्रिस्ती लेखकांनी पुढच्या संमेलनाआधी त्या आक्षेपांना सरळ मराठीत, इंग्रजी पुस्तकांची उसनवारी न करता, उत्तर लिहावे. आणि जो लिहील त्याने ते छापण्यापूर्वी बेथेलात जाऊन त्या म्हाताऱ्या सुनांपुढे वाचून दाखवावे.