आपल्या उजेडाइतकाच वेग



मी राहतो त्या पहाडगंजच्या नावात पहाड आहे. परंतु तेथे कितीही शोधले तरी पहाड सापडावयाचा नाही. जवळच्या रायसीना टेकडीवरून हे नाव पडले असे सांगतात. आणि त्या टेकडीवर राष्ट्रपतिभवन उभे असल्यामुळे तिला नुसती टेकडी म्हणण्याचे धाडस माझ्यासारखा सरकारी नोकर करणार नाही. पहाडाप्रमाणेच येथे दुर्मिळ असलेली दुसरी वस्तू म्हणजे अंधार. नवी दिल्ली स्टेशनासमोरील मुख्य बाजारात हॉटेलांच्या रंगीबेरंगी पाट्या रात्रभर जळत असतात. अशा ठिकाणच्या रहिवाशाने रात्रीच्या डोंगरवाटेवरील सायकलच्या दिव्याविषयी बोलावे, हे थोडे विपरीतच. परंतु झंडेवालानचा सायकलबाजार आमच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आहे; आणि दिल्लीच्या दक्षिणेस, गुडगाव-फरीदाबाद रस्त्याच्या कडेने, अरवलीच्या कच्च्या वाटा पसरल्या आहेत. उन्हाळ्यात दिल्लीचा पारा 45 अंशांकडे धावू लागला, की डोंगरी सायकलीचा नाद असलेल्याला पहाटे चारच्या अंधारातच निघावे लागते. दिव्याचा प्रश्न उपस्थित होतो तो तेथे.

आमच्या वडिलांच्या पिढीला सायकलचा दिवा ठाऊक होता तो मुख्यतः पोलिसाच्या भीतीमुळे. पुण्यात बिनदिव्याची सायकल पकडली गेली, की “आत्ताच विझला हो, हात लावून पाहा, अजून गरम आहे,” असे सांगण्याची पद्धत होती. पुढे चाकाला घासून फिरणारा डायनॅमो आला. 6 व्होल्ट आणि 3 वॉट एवढाच त्याचा संसार. चढणीवर स्वाराचा दम गेला, की दिव्याचाही जाई. तरी त्याने भागत असे. कारण शहरातला दिवा आपल्याला दिसावे म्हणून नव्हताच. इतरांना आपण दिसावे म्हणून होता. डोंगरवाटेवर ही व्यवस्था उलटी होते. तेथे आपल्याला पाहणारे कोणी नसते. पाहावयाचे असते ते आपणच: दगड, घळ, विलायती कीकराची काटेरी फांदी, पावसाने कापून नेलेली वाट.

हा भेद न ओळखता मी पहिला दिवा घेतला. खोक्यावर 10,000 ल्युमेन, 8 तास आणि 9,900 मिलिअँपिअर-तासांचा एकच सेल, असे तीन आकडे ठळक छापलेले होते. किंमत मात्र सातशे रुपये. दिवसभर इतरांच्या प्रस्तावांतील आकडे तपासणारा मनुष्य बाजारात जाताना आपली चिकित्सा कचेरीतच ठेवून जातो, त्याचे हे उदाहरण. जूनमधल्या एका पहाटे, निघून पुरता पाऊण तास झाला नसेल, तोच उतारावर तो दिवा एकदम विझला. माझ्यामागे माझा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याचा दिवा माझ्याहून क्षीण. तो माझ्या उजेडाच्या भरवशावर येत होता. मी कसाबसा थांबलो; तो मात्र मला चुकवताना घळीत पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले. परंतु मुलगा बापाच्या दिव्यामागून आला आणि बापाने तो दिवा न तपासता घेतला होता, ही गोष्ट जुळावयास जरा अधिक काळ लागला.

त्या सहा आठवड्यांत मी जे गणित केले, ते आधीच केले असते तर पाच मिनिटे लागली असती. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

बहुतेक दिव्यांत 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल असतो. चांगल्यात चांगल्या कारखान्याचा असा सेल सुमारे 3,500 मिलिअँपिअर-तासांपर्यंत जातो. 9,900 हा आकडा त्याच्या पोटात मावतच नाही. साडेतीन अँपिअर-तासांना 3.6 व्होल्टने गुणले, की साधारण साडेबारा वॉट-तास येतात. ही त्याची एकंदर शिल्लक. आता खर्चाची बाजू पाहा. आजचा साधा एलईडी दिवा एका वॉटला ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतो. म्हणजे 10,000 ल्युमेनसाठी 100 वॉट हवेत, आणि साडेबारा वॉट-तासांची शिल्लक साडेसात मिनिटांत संपेल! 8 तासांचे आश्वासन खरे ठरावयास असे साठाहून अधिक सेल पाठीवर वाहावे लागतील. उलट, 500 ल्युमेनचा प्रामाणिक दिवा 5 वॉट खातो आणि एका सेलवर दोन-अडीच तास जळतो. जमेचा मेळ खर्चाशी बसत नसेल, तर खोके परत करावे. सेल सुटा निघत असेल, तर तो तोलूनही पाहावा. खरा सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो, पोकळ सेल हातालाच हलका लागतो. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, तेही पाहावे. कारण वाईट लिथियम सेल नुसता विझत नाही, कधीकधी पेटतो.

आता, उजेड किती लागतो? ते ठरवतो वेग. ताशी 20 किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर सरकते. दगड दिसून ब्रेकवर बोटे आवळेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 8 मीटर वाट मागे पडली. मग सुट्या मातीत थांबावयास आणखी 4 मीटर. एकूण 12. वेग 30 केला, की हेच अंतर 20-21 मीटरांवर जाते. आणि अंतर दुप्पट झाले, की तितक्याच स्पष्टतेने दिसण्यासाठी प्रकाश चौपट लागतो, हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून वेगाची हौस थोडी आवरली, की स्वस्त दिवा पुरेसा होतो. 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यास हँडलवर पाचसहाशे खरे ल्युमेन पुष्कळ झाले.

मात्र दिवे दोन असावेत. एक हँडलवर आणि एक हेल्मेटवर. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या खाली असतो, त्यामुळे दगडामागे पडलेली सावली आपल्याला दिसते आणि खड्ड्याची खोली कळते. हेल्मेटवरचा दिवा मान वळेल तिकडे पाहतो. वळणापलीकडे हँडलवरचा दिवा पोहोचत नाही, तेथे हा पोहोचतो. परंतु तो एकटा असला, तर सावल्या आपल्याला दिसतच नाहीत आणि जमीन सपाट भासते. म्हणून हँडलला रुंद झोत द्यावा आणि डोक्याला हलका, अरुंद झोत. यात आणखी एक मोठा लाभ आहे: एक विझला, तर दुसरा घरी आणतो. तीन हजार रुपयांत एक झगझगीत दिवा घेण्यापेक्षा दीड-दीड हजारांचे दोन मध्यम दिवे घ्यावेत, असे माझे मत झाले आहे. मुख्य रस्त्यापर्यंत जाण्यासाठी मागे लाल दिवा हवाच. तेथे मोटारवाल्यास आपण दिसावयास हवे.

घरी आणल्यावर दिव्याची परीक्षा घ्यावी. पूर्ण भरलेला दिवा पंख्यासमोर ठेवून पूर्ण तेजावर लावावा आणि घड्याळ पाहत बसावे. पंखा अशासाठी, की चालत्या सायकलीवर वारा त्यास थंड ठेवतो. वारा नसेल, तर तापलेला दिवा आपोआप मंद होतो. जितका वेळ तो जळला, त्याच्या निम्म्या वेळाचीच सफर आखावी. पावसासाठी खोक्यावर आयपीएक्स-4 एवढी खूण पुरे. तो शिंतोडे सोसतो.

आणि एक गोष्ट बाजारात मिळत नाही. अरवलीचे रान रात्री आपले नसते. नीलगाय, साळिंदर, क्वचित बिबट्याही तेथला रहिवासी आहे. अभयारण्यात परवानगीवाचून शिरू नये, आणि बाहेरच्या वाटेवरही प्राणी दिसताच झोत खाली घ्यावा.

मुलगा आता पुन्हा माझ्याबरोबर येतो. त्याच्यासाठीही मी दोन दिवे घेतले आहेत, दोन्ही पंख्यासमोर बसून तपासलेले. फरक एवढाच, की आता तो पुढे असतो आणि मी मागे. उतारावर त्याचा वेग वाढू लागला, की मी हाक मारतो, “अरे, दिसते तेवढेच जा!” तो हसतो, पण वेग कमी करतो.