घूस, खेकडा आणि शेताचा बांध



इंग्रजीच्या पुस्तकात ‘मोल’ नावाचा प्राणी येतो आणि आपण वर्गात त्याला खुशाल चिचुंद्री म्हणून मोकळे होतो. तो ‘मोल’ आपल्या मुलखात नाही. आपली चिचुंद्री मुख्यतः किडे खाते. तिच्यामागे काठी घेऊन धावण्यात अर्थ नाही. बांधाच्या कडेला भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, तर तो उद्योग बहुधा घुशीचा किंवा शेतातल्या उंदराचा समजावा.

घूस खाते थोडे आणि नेते फार. दाणा भरला की लोंब्या कुरतडून ती बिळात कोठार करते. कापणीनंतर कातकरी मंडळी अशी बिळे खणून भात बाहेर काढतात. या विषयातले खरे जाणकार तेच; आपण पुस्तकवाल्यांनी त्यांच्याजवळ बसावे. पण त्याहून मोठे नुकसान बांधाचे. खाचरातले पाणी बिळावाटे रातोरात खाली उतरते आणि लावणी कोरडी पडते. खेकडाही बांध असाच पोखरतो, वर कोवळी रोपे कापतो. त्याला मात्र औषध नको. पहिल्या पावसात बत्ती घेऊन निघावे. बांध वाचतो, कालवणही होते!

घुशीला औषध घालतात ते झिंक फॉस्फाईड. बरेच जण पहिल्याच दिवशी विषारी आमिष टाकतात, आणि इथेच घोटाळा होतो. घूस मोठी संशयी. नवे खाणे ती आधी चाखून बघते. थोडक्यात बचावली, तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावीत नाही. म्हणून संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिती. त्यांत दोन-तीन दिवस तेल लावलेली नुसती कणी घाला. चटक लागली, की मग 96 भाग कणी, 2 भाग गोडेतेल आणि 2 भाग औषध काठीने कालवा. हात लावू नका. दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बिळात खोल सारून तोंड बंद करा. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर आणि उरलेले आमिष खोल पुरा.

एकट्याने हे करून भागत नाही. आज तुमचे शेत मोकळे झाले, तर चार दिवसांनी शेजारच्या शेतातली घूस येऊन राहते. लावणीपूर्वी साऱ्या शिवाराने एकच दिवस धरावा. बांधही उगाच रुंद ठेवू नयेत. अरुंद बांधात तिला घर करता येत नाही. आणि धामण दिसली तर जाऊ द्या. ती बिनविषारी असून उंदीर खाते.

रानडुकराची गोष्ट वेगळी. तानसा अभयारण्य शहापूर तालुक्यातच आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे. नासधूस झाली की उशीर न लावता वनखात्याकडे अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह मात्र सोडू नका. अंधारात त्या तारेवर डुकराआधी शेजाऱ्याचा पाय पडतो.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. पोराबाळाच्या पोटात ते गेले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता, औषधाचे पाकीट बरोबर घेऊन सरकारी दवाखाना गाठावा.