जमिनीतील धातूचा नेमका ठाव



धातुशोधक यंत्र आता केवळ सैन्याच्या वा पोलिसांच्या हाती राहिलेले नाही. डांबराखाली गाडले गेलेले झडपेचे लोखंडी झाकण असो की जुन्या बिडाच्या नळाचा मार्ग असो, ते शोधण्यास हे यंत्र साहाय्य करते. यंत्र वाजले म्हणजे वस्तू सापडली, असा मात्र अनेकांचा समज असतो. वास्तविक यंत्र वाजल्यानंतरच खऱ्या कामाला आरंभ होतो. वस्तू नेमकी कोठे आहे हे न ठरविता कुदळ चालविली, तर खड्डा मोठा होतो, श्रम वाया जातात आणि पुष्कळदा वस्तूच भंगते.

नेमकेपणाचा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनावर चालणारे उपकरण तयार केले. परंतु रुग्णाच्या गादीतील पोलादी तारांमुळे उपकरण भलतेच संकेत देऊ लागले. शिवाय उपचार करणाऱ्या प्रमुख डॉक्टरांनी शोध शरीराच्या उजव्या बाजूसच घेऊ दिला. १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. उपकरणाचे तत्त्व खरे होते. पण आसपासचा धातू दूर केला गेला नाही आणि शोधाची जागाही आधीच गृहीत धरली गेली.

यंत्र कसे ऐकते?

यंत्राच्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे जमिनीतील धातूत भोवरी प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. धातू नसलेली वस्तू यंत्राला कळत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकचा नळ सापडणार नाही. त्यावरील लोखंडी झडप मात्र सापडेल.

आपल्याकडील काळ्या खडकात चुंबकीय खनिजे असतात व त्यापासून झालेल्या मातीतही ती उतरतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, जेथे धातू नाही अशा जागी यंत्राची जमिनीशी जुळवणी करून घ्यावी. अन्यथा मातीच बोलत राहते.

ठिकाण निश्चित करण्याची रीत

तबकडी जमिनीलगत, समांतर व सावकाश फिरवावी. आवाज आला की तेथेच डावीउजवीकडे फिरवून तो सर्वांत मोठा कोठे होतो, ते पाहून मातीवर एक रेघ ओढावी. मग काटकोनात उभे राहून पुन्हा तसेच करावे व दुसरी रेघ ओढावी. दोन रेघा जेथे छेदतात, तेथे वस्तू असण्याचा संभव सर्वाधिक. आवाज फार मोठा व पसरट असेल, तर तबकडी थोडी वर उचलावी किंवा संवेदनक्षमता कमी करावी. म्हणजे आवाजाचा घेर आवळत जातो. तबकडीचा कोणता भाग सर्वांत तीव्र संकेत देतो हे यंत्रागणिक वेगळे असते. म्हणून आधी मैदानात एखादे नाणे ठेवून सराव करावा.

फसगत होण्याची स्थाने ठाऊक असावीत. आडवा पडलेला खिळा दोन टोकांशी दोनदा वाजू शकतो. उभे रुतलेले नाणे मध्यबिंदूपासून किंचित बाजूस असल्याचा भास होतो. खणताना काढलेल्या मातीवरूनही तबकडी फिरवावी. खड्ड्यातील आवाज थांबला आणि ढिगातील सुरू झाला, तर वस्तू ढिगात आलेली आहे. अखेरच्या टप्प्यास हातात धरण्याची लहान शोधकांडी वापरावी.

कोठे थांबावे?

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात, हॉक्सन गावी एक निवृत्त गृहस्थ, एरिक लॉज, आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. सापडली ती रोमन काळातील सोन्याचांदीची नाणी व चमचे. थोडे खणल्यावर हे काही वेगळेच आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी खणणे थांबविले व ही बातमी अधिकाऱ्यांच्या कानी घातली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा शास्त्रशुद्ध रीतीने बाहेर काढला. त्यात १४,८६५ नाणी होती. ती ज्या लाकडी पेटीत ठेवली होती, त्या पेटीची रचनाही त्यामुळे समजू शकली. लॉज यांना १७ लाख ५० हजार पौंड मिळाले व त्यांनी ते त्या शेतकऱ्यासह वाटून घेतले. हातोडाही सापडला, आणि आज तो ब्रिटिश संग्रहालयात आहे.

आता आपल्या घरचे उदाहरण पाहू. १९७४ साली प्रवरा नदीकाठी दायमाबाद येथे झुडपाची मुळे खणताना एका ग्रामस्थास काशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बाहेर निघाली नाहीत, आणि त्यांच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद झाले. कोणत्या थरात व कशाशेजारी वस्तू होती, हे तिच्या धातूइतकेच मोलाचे असते. आणि एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही.

कायद्याचेही हेच सांगणे आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण व दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविणाऱ्याचा हक्क जातो व तो शिक्षेस पात्र ठरतो. ठेवा बेवारस ठरल्यास, अन्य करार नसेल तर, तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व उरलेला जागेच्या मालकाचा असतो. शासनाने ठेवा संपादन केल्यास त्याचे मूल्य द्यावे लागते. प्रामाणिक माणसाचे यात नुकसान नाही. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात मात्र परवानगीवाचून खणण्यास मुळीच मुभा नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, ग्रामपंचायतीने नळ व झडपांच्या जागा सापडतील तशा नकाशावर नोंदवाव्यात. शिक्षकांनी मुलांना काटकोनातील दोन रेघांचा प्रयोग शाळेच्या पटांगणात करून दाखवावा. जुने नाणे वा मूर्ती दिसताच काम थांबवून तहसील कार्यालयास कळवावे. आणि वस्तू बॉम्बगोळ्यासारखी वाटल्यास तिला हात न लावता सर्वांना दूर करून पोलिसांना बोलवावे.