अंड्याची कोंबडी आणि मांसाची कोंबडी

कोणती कोंबडी चांगली, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. परंतु कशासाठीं चांगली, हें ठरल्यावांचून त्यास उत्तर नाहीं. पोटांत गेलेला दाणा अंडें घडविण्यास खर्च करावा कीं अंगावर मांस चढविण्यास, ह्याबद्दल प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा असतो.

अंड्यांच्या बाबतींत पहिला मान व्हाइट लेगहॉर्नचा. इटलींतील लिव्होर्नो बंदरावरून तिला हें नांव मिळालें आणि अमेरिकेंत तिची जोपासना झाली. ही कोंबडी वजनाला अवघी दोन किलो. तरीहि निवडक पैदाशीची तलंग वर्षांत अडीचशें अंडीं देते. अंडें ५५ ग्रॅमचें धरलें, तर हा भार पावणेचौदा किलो होतो, म्हणजे तिच्या वजनाच्या जवळजवळ सातपट! प्रत्येक कवचास सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम लागतें. खाद्यांत शिंपल्यांचा चुरा नसला तर तें ती स्वतःच्या हाडांतून काढते. शिवाय ती सहसा खुडूक होत नाहीं. गांवठी कोंबडी दहापंधरा अंडीं घालते, एकवीस दिवस रवणीस बसते आणि मग पिलांमागें फिरते. तेवढा काळ अंडें बंद. लेगहॉर्न हा काळ वांचविते खरी, पण तिचा वंश चालविण्यास यंत्र तरी हवें, नाहींतर शेजारची गांवठी कोंबडी. मांसाच्या दृष्टीनें मात्र ती किरकोळच.

असील हें अगदीं दुसरें टोक. ही आंध्राकडील झुंजार जात. कोंबडा चार ते पांच किलोंचा, छाती रुंद, मान उंच, मांस घट्ट. अंडीं मात्र वर्षाकाठीं शंभराच्या आंतच. तो वाढतोहि सावकाश. दुकानदारास हें परवडत नाहीं. तरी शहरांतील ताटांत असीलाचा अंश रोज येतो, ही गंमत थोड्यांनाच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत असील व इंग्रजी झुंजार कोंबडे ह्यांच्या संकरांतून एक जात निपजली. तिला तेथें 'इंडियन गेम' म्हणत. पुढें ती 'कॉर्निश' झाली. ह्या कॉर्निश नराचा प्लिमथ रॉक मादीशीं संकर करून पुढें ब्रॉयलर घडला. सहा आठवड्यांत दोन किलो भरणाऱ्या ह्या पांखराची रुंद छाती पुष्कळ अंशीं असीलाकडून आलेली आहे.

कडकनाथाची गोष्ट निराळी. झाबुआचा हा काळा कोंबडा, त्याचें मांसहि काळें. २०१८ सालीं ह्या मांसास भौगोलिक मानांकन मिळालें. अंडें मात्र काळें नसतें, फिकट बदामी असतें. कोंबडी किलो-दीड किलोची, आणि अंडीं शंभराच्या आसपास. म्हणजे हिशोब पाहतां ती ना अंड्यांत पुढें, ना वजनांत. तिची किंमत चवीची व नांवाची. नांवाचा बाजार कोठवर जातो, हें २०१९ सालीं सांगली-कोल्हापुराकडे दिसलें. कडकनाथ-पालनाच्या योजनेंत रक्कम अडकल्याच्या तक्रारी तेव्हां पुष्कळ शेतकऱ्यांनीं केल्या. वर्षाला शंभर अंडीं देणारी कोंबडी घरखर्च किती भागवील, हें गणित पाटीवर मांडण्यासारखें होतें.

मधली जात म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. अमेरिकन कुक्कुटसंघानें १९०४ सालीं हिचा नमुना मान्य केला. कोंबडी तीन किलोंची, कोंबडा चारांचा. अंडीं दोनशेंच्या घरांत, रंगानें तपकिरी. येथें गृहिणींची एक समजूत दूर करावयास हवी. तपकिरी अंडें दिसलें कीं तें गांवठी व अधिक पौष्टिक, असें मानून दोन पैसे जास्त दिले जातात. परंतु कवचाचा रंग जातीचा असतो, सकसपणाचा नव्हे. बहुधा कानाची पाळी पांढरी असलेली कोंबडी पांढरें अंडें घालते आणि तांबड्या पाळीची तपकिरी.

ज्या घरास परसांत चारपांच कोंबड्या पाळावयाच्या आहेत, त्यानें ऱ्होड आयलंड घ्यावी, आणि पिलें हवीं असल्यास रवणीसाठीं एक गांवठी ठेवावी. अंडें देणें थांबलें म्हणजे पहिलीच्या अंगावर मांस तरी असतें. केवळ अंडींच खावयाचीं असतील, तर कोंबडा बाळगण्याचें कारण नाहीं. त्याच्यावांचूनहि कोंबडी तितकींच अंडीं घालते, आणि पहाटे शेजाऱ्यांची झोपहि मोडत नाहीं.