इंग्रजी क्रियापदें आणि त्यांचे सोबती

सावनेरसारख्या गांवीं मराठी शाळेंत शिकणारा विद्यार्थी इंग्रजी क्रियापदांची यादी मोठ्या निष्ठेनें पाठ करितो. 'गिव्ह' म्हणजे देणें, 'टेक' म्हणजे घेणें, 'पुट' म्हणजे ठेवणें, 'लुक' म्हणजे पाहणें. एवढें झालें कीं आपल्या हातीं पुष्कळ भांडवल आलें, अशी त्याची समजूत होते. मग एके दिवशीं त्याला सांगण्यांत येतें कीं, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणें. देण्यांतलें देणें कोठें गेलें आणि ठेवण्यांतलें ठेवणें कोठें गेलें, हें त्या बिचाऱ्याला उमगत नाहीं. तो दुसरी यादी करितो व तीहि पाठ करितो. परीक्षेंतील रिकाम्या जागा भरण्यापुरती ती उपयोगी पडते. पण तोच विद्यार्थी पत्र लिहावयास बसला म्हणजे यादीचा आधार सुटतो. कारण त्या दोन शब्दांच्या संगतींत तिसरा शब्द कोठें बसवावा, हें यादींत लिहिलेलें नसतें.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचाच नव्हे. डॉक्टर जॉन्सन ह्यांनीं १७५५ सालीं आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंतच परकीयांना अशा जोड्या फार जड जातात हें त्यांनीं नमूद केलें. ह्या जोड्यांस 'फ्रेझल व्हर्ब' हें नांव मात्र पुष्कळ मागाहून, १९२५ सालच्या लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांच्या पुस्तकामुळें रूढ झालें. संस्कृताच्या अभ्यासकाला ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. 'हृ' हा धातु एकच; पण त्याच्या मागें निरनिराळे उपसर्ग लागतांच आहार, विहार, प्रहार आणि संहार असे चार वेगळे संसार उभे राहतात. शिवाय वेदांच्या भाषेंत उपसर्ग धातूपासून सुटा राहूं शकत असे, त्याच्या नंतरहि येऊं शकत असे, आणि दोहोंमध्यें दुसरे शब्द बसूं शकत. पाणिनीनें त्याची स्वतंत्र नोंद केली आहे. पुढें संस्कृतांत उपसर्ग धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीचा 'अप' किंवा 'ऑफ' अद्याप सुटाच हिंडतो आहे.

खरी मेख ह्या सुटेपणांतच आहे. मराठींत 'वर', 'खालीं', 'पुढें', 'मागें' हे शब्द दोन घरची चाकरी करितात. 'झाडाखालीं बस' ह्या वाक्यांत 'खालीं' हें शब्दयोगी अव्यय आहे. तें झाडाला चिकटलें आहे आणि त्याच्यासाठीं 'झाड' ह्या शब्दाला 'झाडा' असें सामान्यरूप घ्यावें लागलें आहे. नुसतें 'खालीं बस' म्हटलें कीं तोच शब्द क्रियाविशेषण होतो व त्याचें नातें बसण्याशीं जडतें. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त हीं दोन जातींचीं अव्ययें वेगळीं मांडलेलीं आहेत, आणि व्याकरण न शिकलेला मराठी मुलगाहि त्यांची गल्लत करीत नाहीं. मराठींत हा भेद लिहिण्यांतच डोळ्यांना दिसतो. इंग्रजींत दोन्हीं ठिकाणीं शब्द सुटाच लिहितात, आणि भेद दिसेनासा होतो.

नागपूरहून येणारा रस्ता सावनेरला फुटतो. एक फांटा छिंदवाड्याकडे जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतुलाकडे. एखाद्या मोटारवाल्यानें हमरस्ता सोडून गाडी गल्लींत वळविली, तर इंग्रजींत म्हणतात, 'ही टर्न्ड ऑफ द रोड'. घरीं पोहोंचल्यावर त्यानें दिवा मालविला, तर म्हणतात, 'ही टर्न्ड ऑफ द लॅम्प'. दोन्हीं वाक्यें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं दिसतात. आतां रस्ता आणि दिवा ह्यांच्या जागीं 'इट' हें सर्वनाम घालून पाहावें. रस्त्याच्या वाक्यांत तें शेवटीं राहतें: 'ही टर्न्ड ऑफ इट'. दिव्याच्या वाक्यांत तें मध्यें शिरतें: 'ही टर्न्ड इट ऑफ'. म्हणजे पहिल्या वाक्यांतील 'ऑफ' हा रस्त्याचा सोबती, आपल्या 'रस्त्यावरून' ह्यांतील 'वरून'सारखा. त्याला सोडून तो राहत नाहीं. दुसऱ्या वाक्यांतील 'ऑफ' हा क्रियापदाचा सोबती. कर्म नाम असेल तर 'टर्न ऑफ द लॅम्प' आणि 'टर्न द लॅम्प ऑफ' हीं दोन्हीं रूपें चालतात, आणि नाम लांबलचक असेल तर तें शेवटीं ठेवणेंच बरें. पण 'इट', 'हिम', 'देम' अशा सर्वनामांना ही मोकळीक नाहीं. इंग्रजी वाक्याच्या शेवटच्या जागेवर सहसा आघात पडतो, आणि सर्वनाम तर बोलतांना हलकें असतें. म्हणून तें मध्यें सरकतें व भार पेलावयास 'ऑफ' शेवटीं उभा राहतो. 'टर्न इट ऑफ' मोठ्यानें म्हणून पाहिल्यास ही गोष्ट कानालाच कळते.

एवढ्याशा जागेनें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. 'सी' आणि 'थ्रू' ही जोडी घ्यावी. 'सी हिम थ्रू' म्हणजे त्याला अडचणींतून पार नेणें; 'सी थ्रू हिम' म्हणजे त्याचें ढोंग ओळखणें. ज्या मामानें फी भरून शिक्षण पुरें करविलें, त्याच्याविषयीं कृतज्ञतेनें लिहितांना भाच्यानें 'माय अंकल सॉ मी थ्रू' असें लिहावयाचें, तें 'सॉ थ्रू मी' असें लिहिलें, तर मामानें भाच्याची लबाडी पकडली असा अर्थ होतो! शब्द तेच, अर्थ अगदीं उलटा.

सर्वच सोबती असे दुटप्पी नसतात. 'ॲट', 'फॉर', 'विथ', 'इंटू' हे नामाचेच सेवक. त्यांच्यापुढें सर्वनाम शेवटींच येणार. 'अवे' आणि 'बॅक' हे क्रियापदाच्या पक्षाचे. संशय येतो तो 'अप', 'डाउन', 'इन', 'ऑन', 'ऑफ', 'ओव्हर', 'थ्रू' ह्यांच्यापाशीं.

कधीं कधीं दोन्हीं जातींचे सोबती एकाच क्रियापदाला मिळतात. 'पुट अप विथ इट' म्हणजे तें सोसणें; येथें 'अप' क्रियापदाचा आणि 'विथ' पुढच्या सर्वनामाचा, म्हणून 'इट' शेवटीं. ह्याहून मौजेचा प्रयोग 'लेट हिम इन ऑन इट' हा होय. त्याला त्या गुपितांत सामील करून घ्या, असा अर्थ. पहिलें सर्वनाम क्रियापद आणि 'इन' ह्यांच्या मध्यें बसलें, दुसरें 'ऑन'च्या मागून आलें. पांच शब्दांत सगळें व्याकरण आलें. पण हा प्रयोग शाळेच्या यादींत क्वचितच सांपडतो.

अर्थाच्या बाबतींत तर सावनेरचा मुलगा पुण्याच्या मुलापेक्षां पुढेंच असावयास हवा. नागपुराकडे 'तो जेवून राहिला' म्हणजे तो आतां जेवतो आहे. पुण्याचा पाहुणा तें ऐकून, जेवण आटोपून हा मुक्कामाला राहिला कीं काय, असें समजेल! 'राहणें' ह्या क्रियापदांतील मुक्काम गळून गेला आणि केवळ क्रिया चालू असल्याचा भाव उरला, हें इकडच्या मुलाला कोणी शिकवावें लागत नाहीं. त्याचप्रमाणें 'खाऊन टाक' ह्यांत कोणी कांहीं फेकीत नाहीं. क्रिया पुरी करण्याचा भाव तेवढा असतो. 'ईट इट अप' ह्यांतील 'अप' हेंच काम करितो, त्यांत वरची दिशा शोधूं नये. मराठीनें हें काम दुसऱ्या क्रियापदावर सोंपविलें, इंग्रजीनें अव्ययावर.

तेव्हां यादी करावयाची असेल तर ती नुसत्या जोड्यांची न करितां सर्वनामासह करावी. वहींत 'गिव्ह अप' असें न लिहितां 'गिव्ह इट अप' लिहावें, 'लुक आफ्टर' असें न लिहितां 'लुक आफ्टर इट' लिहावें. 'सी हिम थ्रू' आणि 'सी थ्रू हिम' हे प्रयोग तर एकाखालीं एक, अर्थांसह लिहून ठेवावे.