दोन समुद्रांचा जिल्हा आणि समुद्रशिक्षणाचा खर्च



वाशिम शहराजवळ काटा नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात काटेपूर्णा नदी उगम पावते. उत्तरेकडे वाहत ती अकोला जिल्ह्यात शिरते, महान येथील धरणात अडून अकोला शहराची तहान भागविते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवजवळ तापीत सामावते व तापी सुरतेच्या खाली अरबी समुद्राला मिळते. याच जिल्ह्यात उगम पावणारी अडाण मात्र नेमकी दुसरी वाट धरते. ती पैनगंगेला मिळते आणि तिचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरात पोहोचते. याचा अर्थ असा की, वाशिमच्या माळावर पडणाऱ्या एकाच सरीतले काही थेंब पश्चिम समुद्राकडे जातात, तर काही पूर्व समुद्राकडे. सरळ रेषेत समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेला हा जिल्हा दोन समुद्रांच्या पाणलोटांच्या सीमेवर वसला आहे. जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना हे दाखवून दिले जाते, हा आजच्या भाषणाचा पहिला प्रश्न होय.

समुद्र हा किनाऱ्यावरील मुलांचा विषय आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती शेतकऱ्याला परवडणारी नाही. वाशिमचा खरीप प्रामुख्याने सोयाबीनचा आणि पावसावर विसंबून असलेला. २०१९ साली हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच तापला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे निर्माण झाली. त्या हंगामातील लांबलेल्या पावसाला इतरही कारणे होती. परंतु काढणीला आलेले आणि सुडी घालून ठेवलेले सोयाबीन राज्याच्या मोठ्या भागात भिजले, त्याला मोड फुटले, हे सर्वांना स्मरत असेल. पुढे २०२३ साली प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती होती. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या मुलाचा बाप पेरणीपूर्वी आकाशाकडे पाहतो, त्या मुलाला समुद्राच्या पाण्याचे तापमान काय घडवून आणते हे समजणे ही चैन नव्हे.

या भूमीला समुद्र तसा अपरिचितही नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी खोदली व रंगविली गेली. सतराव्या लेण्यात सिंहलाच्या कथेतील सागरप्रवास आणि फुटलेले जहाज रंगविलेले आहे. डोंगराच्या कुशीत बसून चित्रकारांनी समुद्र दाखविला. आजच्या शाळेपाशी साधने तर त्याहून कितीतरी अधिक आहेत.

आता समुद्राच्या अगदी मध्ये वसलेल्या शाळांकडे वळू. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील घारापुरी बेट लेण्यांमुळे जगप्रसिद्ध आहे. १९८७ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. मात्र तेथील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या वस्त्यांना समुद्राखालून टाकलेल्या तारेने कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. मुंबईचे दिवे समोर लुकलुकत असताना बेटावर रात्री काही तास जनित्राचा प्रकाश असे. अशा बेटावर भरती-ओहोटी, तिवरांची वने, चिखलातील खेकडे, स्थलांतरित पक्षी ही सारी प्रयोगशाळा दाराशी असते. उणीव असते ती मार्गदर्शकाची, भिंगासारख्या साध्या उपकरणांची आणि मुख्यतः प्रवासखर्चाची. ऐरोली येथे २०१७ पासून किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. बेटावरील मुलांना तेथे न्यायचे तर आधी होडी आणि मग वाहन करावे लागते. पावसाळ्यात खाडी खवळलेली असताना तर सारा बेतच पुढे ढकलावा लागतो.

येथे निधीच्या रचनेतील मूळ अडचण दिसून येते. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये, तर ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५,००० रुपये, असा हा निकष आहे. त्यातच खडू, किरकोळ दुरुस्ती, विजेचे देयक भागवायचे आणि किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखायची. इको क्लबसाठी प्राथमिक शाळेस ५,००० व उच्च प्राथमिक शाळेस १५,००० रुपयांपर्यंतची वेगळी तरतूद आहे. ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु होडीचे भाडे मुलांची संख्या पाहून कमी होत नाही. वीस मुलांना लागते तीच होडी चाळीस मुलांना लागते. पट लहान, अंतर मोठे आणि अनुदान मात्र पटावर, असा हा व्यस्त हिशेब आहे.

वाशिमच्या पंचायत सदस्यांना हा हिशेब नवा वाटू नये. मानोरा, मालेगाव या तालुक्यांतील तांड्यांवरील छोट्या शाळाही एका अर्थी बेटेच आहेत. तेथील शिक्षकाला मुलांना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनास न्यायचे झाले तर गाडीभाड्याचा प्रश्न तसाच उभा राहतो आणि पुष्कळदा तो शिक्षक आपल्याच खिशातून सोडवितो. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. वास्तविक ती अंदाजपत्रकातील चूक मानली पाहिजे.

वाशिमसाठी खर्च अल्प आहे. पहिला धडा काट्याच्या शिवारातच देता येईल. दोन पाणलोटांमधील उंचवट्यावर मुलांना उभे करावे, दोन्ही उतारांवर पाणी ओतून दाखवावे आणि नकाशावर दोन्ही मार्ग समुद्रापर्यंत रेखाटून घ्यावेत. वर्गात पर्जन्यमापकाची रोजची नोंद आणि तिच्या शेजारी समुद्राच्या तापमानाचा नकाशा लावावा. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशी माहिती सर्वांसाठी प्रसिद्ध करीत असते. एका गाडीचे भाडे आणि एक पर्जन्यमापक एवढ्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात शिक्षणाखाली स्वतंत्र ओळ घालणे ग्रामसभेच्या हाती आहे.

बेटावरील शाळांचा प्रश्न एका ग्रामपंचायतीच्या कुवतीबाहेरचा आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी स्वतंत्र शीर्ष असते. मात्र एका वर्षाच्या नावीन्यातून दुसऱ्या वर्षाची होडी मिळत नाही. म्हणून किनारी जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी शैक्षणिक प्रवासाची तरतूद पटाऐवजी अंतर आणि वाहन यांवर ठरवून ती दरवर्षी चालू ठेवावी, अशी मागणी रास्त ठरते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून भिंगे, दूरदर्शिका, जीवरक्षक जाकिटे अशी एकदाच घ्यावयाची सामग्री मिळविता येईल. होडीचे भाडे मात्र देणगीवर सोडू नये. देणगीदार बदलला की सहल थांबते, आणि पाचवीतल्या मुलाची पाचवी पुन्हा येत नाही.

हीच मागणी वाशिमच्या तांड्यांसाठीही लागू पडते. येथील जिल्हा नियोजन समितीकडे तसा प्रस्ताव पाठविताना शाळेचे नाव, जवळच्या बसथांब्यापासूनचे अंतर आणि गाडीचे प्रत्यक्ष भाडे हे तीन रकाने भरून द्यावेत. पटसंख्येचा रकाना त्यांच्यानंतर यावा.