मिनी ट्रॅक्टर उतारावर उलटतो कसा?

आजचा भाग खास आपल्या कर्जत-खालापूरच्या पोरांसाठी. खांडसला जा नाहीतर चौकला, खाली भाताची खाचरं आणि वर उतरणीला वरकस जमीन. बैलजोड्या कमी झाल्या, मिनी ट्रॅक्टर आले. अरुंद आणि हलका, म्हणून छोट्या खाचरातही वळतो. पण उतारावर नेमकं तेच अंगाशी येतं.

ट्रॅक्टर उलटतो दोन प्रकारे. पहिला, कुशीवर. उताराला आडवं जाताना वरचं चाक दगडावर चढलं किंवा खालचं खड्ड्यात गेलं, की संपलं. आता तुम्ही म्हणाल, माती वाहू नये म्हणून उताराला आडवीच नांगरट करायला सांगतात ना? बरोबर आहे, पण हलक्या उतारावर. जिथे ट्रॅक्टर आडवा नेताना भीती वाटते, तिथे उभी नांगरट करून माती घालवू नका. तो तुकडा बैलांचा किंवा कुदळीचा समजा. आडवं जाताना कधी तोल जातोय असं वाटलं, तर स्टीअरिंग उताराच्या खालच्या दिशेला वळवा.

दुसरा प्रकार, मागे उलटणं. हा जास्त घातकी. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलात रुतला की काय करतात? मागच्या चाकापुढे ओंडका टाकतात आणि क्लच झटक्यात सोडतात. चाक अडकलेलं, मग इंजिनचा जोर जाणार कुठे? पुढचं तोंड वर उचललं जातं. दीडेक सेकंदात ट्रॅक्टर तुमच्या अंगावर! उडी मारायलाही वेळ नसतो. म्हणून आधी हळू रिव्हर्स घ्या. नाहीच निघाला, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच लावायची, ॲक्सलच्या वर कधीच नाही. उभा बांध चढायचा असेल, तर तोही रिव्हर्समध्ये.

उतरताना लहान गिअर वर असतानाच टाका. मध्येच क्लच दाबला, की इंजिनची पकड सुटते आणि गाडी पळते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चालू ठेवा, कारण बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. आणि दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा. घाईत एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

शेवटचं. सीटमागची लोखंडी कमान काढून ठेवू नका. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली आणि पुढे तिथे उलटून होणारे मृत्यू अगदी कमी झाले. कमान असेल तर बेल्ट लावायचाच. नसेल तर बेल्ट नको. आणि मडगार्डवर कोणालाच बसवू नका. धाकटा भाऊ कितीही हट्ट करू दे!

हा भाग गावच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात.